पावसाशिवाय पन्हाळा ते विशाळगड

पन्हाळा ते विशाळगड चाललेली माणसं कोल्हापुरात गल्लीला दोन तरी निघतील. पण सगळे जातात ते आषाढात, शिवाजी महाराजांच्या वाटेनं निघणाऱ्या मोहिमेत, शेकड्यांच्या घोळक्यात. मीही तीनदा गेलोय. तिन्ही वेळा काय बघितलं म्हणाल तर पुढच्याच्या पिंढऱ्या. वरून धो धो पाऊस, भोवती धुकं, खाली घोट्याएवढा चिखल. घरी येऊन मोज्यातल्या जळवा काढल्या की मोहीम झाली.

तेव्हा ही वाट एकदा कोरडी बघायची, असं किती वर्षं डोक्यात होतं. अडचण माझ्याच धंद्याची. उद्यमनगरात माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींची वायर नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे. मार्च आला की विहिरींचं पाणी खाली जातं, मोटरी कोरड्या फिरतात आणि जळून माझ्याकडं येतात. म्हणजे ज्या दिवसांत ही वाट कोरडी असते, त्याच दिवसांत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. यंदा मात्र पुतण्या हाताशी आला होता. त्याच्यावर चार दिवस टाकले आणि वस्तादला फोन केला.

वस्ताद म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. लहानपणी दोन वर्षं तालमीत जायचा, एकदा खासबागेच्या कुस्ती मैदानात पहिल्या मिनिटात चितपट झाला, तेव्हापासून हे नाव चिकटलंय. आता शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे.

"मार्चात?" तो म्हणाला. "खुळा झालायस काय? पानी कुठं मिळंल?"

"तेच बघायचंय."

थोडा वेळ फोनवर नुसता लेथचा आवाज. मग, "कवा निघायचं?"

दिवस पहिला

होळी होऊन चार दिवस झाले होते. सकाळी सीबीएस बसस्टँडवरनं पन्हाळ्याची एसटी धरली. दोघांच्या सॅक साधारण अकरा-अकरा किलोच्या, त्यात चार-चार किलो नुसतं पाणी. बाकी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे, दोन पातळ चादरी. तंबू घेतला नाही. पाऊस नाही, थंडी नाही, मग कशाला ओझं? माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात पक्कड, टेस्टर आणि तांब्याच्या इनॅमल वायरची एक लहान गुंडाळी होती. वस्ताद हसला. "देवदर्शनाला निघालास तरी पक्कड घेशील तू." त्याच्या सॅकला मागं कोल्हापुरी पायताण लटकवलं होतं, संध्याकाळी बूट काढल्यावर घालायला. त्यावर मी हसलो होतो, म्हणजे फिट्टंफाट.

वाघबीळ ओलांडल्यावर वस्तादला आठवलं की आज संकष्टी. हा गडी गेली वीस वर्षं संकष्टी मोडत नाही. "उतर आणि घरी जा," मी म्हटलं. "चंद्र काय घरातच उगवतोय व्हय?" तो म्हणाला. झालं. गडावर तीन दरवाज्याजवळ मी झुणका-भाकरी आणि कांदा हाणत होतो आणि हा समोर बसून ताक पीत माझ्या भाकरीकडं बघत होता.

पन्हाळ्यावर मी आजवर पन्नासदा आलो असेन. यावेळी फक्त पाण्याच्या जागा बघत हिंडलो. सिद्दी जौहरचा वेढा पडला तो १६६० सालच्या मार्चमध्येच, म्हणजे हाच हंगाम. महाराज बाहेर पडले ते १२ जुलैच्या रात्री. मधले चार महिने गड तगला त्याचं कारण अंबरखान्यात धान्य होतं आणि गडाच्या पोटात पाणी होतं. अंधारबावीच्या पायऱ्या उतरून गेलो तर खाली गारवा, वर उन्हाची भट्टी. तीन मजल्यांची ही इमारत, वर पहारेकऱ्यांना जागा, तळाशी विहीर, मध्ये बाहेर पडायला चोरवाट. आमच्या धंद्यात विहीर म्हणजे नुसतं भोक. इथं विहिरीवर पहारा बसवलाय. शत्रू आधी पाण्यावर हात घालणार, हे बांधणाऱ्याला पक्कं माहीत असणार.

राजदिंडी नावाच्या लहान दरवाज्यानं उतरायला लागलो तेव्हा साडेबारा झाले होते. ही चूकच. या दिंडीतनं महाराज उतरले त्या रात्री मुसळधार पाऊस होता. नेबापूरचे शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसले आणि शत्रूच्या हाती सापडले, ते याच रात्री. आम्ही मात्र टळटळीत दुपारी उतरत होतो. दगड असे तापलेले की आधाराला हात टेकला तरी चटका. तुरुकवाडीत एका पडवीला दीड तास पडून राहिलो. त्या घरातल्या म्हातारीनं काही न विचारता तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "कुठनं आलायसा?" पुढचे तीन दिवस हाच क्रम. आधी पाणी, मग चौकशी.

म्हाळुंग्यातून मसाई पठारावर चढलो ते ऊन कलल्यावर. आषाढात हे पठार म्हणजे हिरवी गादी. आता ९०० एकरांच्या आसपासचा जांभ्या दगडाचा उघडा सडा, अर्धा करड्या गवताचा, अर्धा जळून काळा. झाड नाही, सावली नाही. वाळवंट टीव्हीवर बघितलंय तेवढंच, पण वाळूच्या जागी तांबडा खडा घातला तर ते असंच दिसत असेल. पावसात जिथं गुडघाभर पाणी तुडवलं होतं त्या तळ्यात चिखलाचा एक ठिपका उरलेला, आणि त्यात तीन म्हशी.

म्हशींमागचा बाबा म्हणाला, "वर पानी शोधू नगा. वर न्हाई. कडंला जावा, खाली कपारीत."

आम्ही गेलो. पठाराची कड पंधरा-वीस हात उतरल्यावर जांभा संपतो आणि खाली चिकट, पिवळसर मातीचा थर लागतो. त्या सांध्यावर नेच्याची हिरवी पानं. तिथं करंगळीएवढी धार. जांभ्या दगडाला स्पंजासारखी भोकं असतात. पावसाळ्यात वर कितीही पडलं तरी सगळं आत मुरतं, खालच्या मातीच्या थरापाशी अडतं आणि कडेनं झिरपत राहतं. म्हणून सड्यावर वस्ती नाही, वाड्या सगळ्या कडेखाली. तीनदा इथनं गेलो, तेव्हा हे का कळलं नाही? कारण तेव्हा पाणी सगळीकडंच होतं.

दोन बाटल्या भरायला पंचवीस मिनिटं लागली. वस्ताद धारेखाली बाटली धरून बसला आणि मी घड्याळ बघत बसलो. इतकं निवांत मी दुकानात कधी बसलेलो नाही.

मसाई देवीच्या देवळापाशी मुक्काम. अंधार पडल्यावर दक्षिणेकडच्या एका डोंगरावर वणव्याची रेघ दिसायला लागली. वेडीवाकडी, केशरी, कुणीतरी पेटती दोरी टाकल्यासारखी. लांबून सुंदर दिसते, हे कबूल करायला लाज वाटते. साडेआठ झाले, नऊ झाले, चंद्र नाही. वस्ताद पूर्वेकडं तोंड करून बसलेला. रातवा कुठंतरी "टक, टक, टक" करत होता. साडेनऊच्या पुढं धुरातनं एक तांबडा, एका बाजूनं झिजलेला चंद्र वर आला, तव्यावरनं काढलेल्या भाकरीसारखा. ही उपमा माझी नाही, उपाशी माणसाची आहे.

अर्घ्याला पाणी हवं. वस्तादनं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बाटलीचं टोपण काढलं. त्या टोपणात पाणी घेऊन चंद्राला अर्घ्य दिलं. एक टोपण. "देवाला कळतंय," तो म्हणाला आणि दशमीवर तुटून पडला.

दिवस दुसरा

पहाटे साडेपाचला निघालो. नऊ वाजेपर्यंत चालायचं, अकरा ते चार सावलीत पडायचं, परत चालायचं, असं ठरलं होतं. त्यातलं पहिलं तेवढं जमलं. पहाटेचं पठार गार होतं. कडेवरनं खाली पांडवदऱ्याच्या लेण्यांकडची झाडी दिसत होती. जळक्या गवतातून चालताना बुटांतून राख उडत होती आणि जिथं तिथं टिटव्या ओरडत होत्या.

कुंभारवाडीत शिरलो आणि पोरांनी घेरलं. रंगपंचमी! आम्ही साफ विसरलो होतो. कोल्हापुरात रंग धुळवडीला नाही, पंचमीला खेळतात, आणि या दिवशी शहराबाहेर असायची माझी ही पहिलीच वेळ. पोरांच्या हातात पिचकाऱ्या नव्हत्या, नुसत्या पुड्या. सात-आठ वर्षांची एक पोरगी वस्तादच्या गालाला हिरवा रंग चोळत म्हणाली, "कोरडाच हाय. आई म्हणली पानी वाया घालवलंस तर बघ." वस्तादनं गुडघ्यावर बसून दोन्ही गाल पुढं केले. एवढा धिप्पाड गडी, हिरवागार झाला. माझ्या वाट्याला गुलाबी.

खोतवाडीपर्यंत ठीक. त्याच्यापुढं घोळ झाला. मोहिमेतले लोक दगडांवर रंगाचे बाण मारून ठेवतात, त्यांच्यावर माझा भरवसा होता. पण वणवा येऊन गेलेल्या पट्ट्यात दगडच काळे पडलेले, बाण गायब. वर ढोरवाटा इतक्या की सगळ्याच खऱ्या वाटतात. वस्ताद म्हणत होता, "डावीकडं चल." मी म्हणालो, "उजवीकडं." मी तीनदा आलोय ना! उजवीकडं गेलो. पाऊण तासानं ती सोंड एका कड्यावर जाऊन संपली. खाली दरी, समोर कासारीचं खोरं, आणि घड्याळात साडेदहा.

वस्ताद काही बोलला नाही. हे त्याचं बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मागं फिरताना माझ्या उजव्या बुटाचा सोल निघाला. पुढनं उघडून मगरीच्या तोंडासारखा लोंबायला लागला. उन्हानं डिंक सुटला होता. एका खडकाच्या वीतभर सावलीत बसलो, सॅक उघडली आणि तांब्याची वायर काढली. बुटाला पुढं चार वेढे, मध्ये सहा, नाडीच्या भोकांतून एकदा आडवं घेऊन पक्कडनं पीळ मारला. कॉईल बांधताना जसा ताण ठेवतो तसाच: जास्त ओढलं तर वायर तुटते, कमी ओढलं तर ढिली पडते. वीस वर्षांच्या कामाचा डोंगरात झालेला हा एकमेव उपयोग. वस्ताद बघत होता. "गॅरंटी किती?" त्यानं विचारलं. "कोरडी फिरवली नाही तर एक वर्ष," मी म्हटलं. तो हसला आणि आमची बोलचाल सुरू झाली.

गॅरंटी तासाभरात संपली. जांभा म्हणजे कानस. तळाची वायर घासून एकेक वेढा तुटत गेला. शेवटी वस्तादनं न बोलता सॅकचं पायताण सोडून माझ्यापुढं टाकलं. एक नंबर मोठं, पण तेल पिऊन पिऊन मऊ झालेलं, न चावणारं. काल सकाळी मी त्यावर हसलो होतो हे त्यानं आठवून दिलं नाही. करकर करत चालायला लागलो.

पाणी बारा वाजता संपलं. दोघांनी मिळून सात लिटर कधी प्यालो ते कळलंच नाही. तहान लागली हे आधी तोंडाला कळत नाही. आधी चिडचिड होते, मग साधी गोष्ट दोनदा विचारावी लागते. वस्ताद मला "किती वाजले" हे पाच मिनिटांत तीनदा विचारत होता आणि मला त्याचा राग येत होता. हे उन्हाचं काम, आमचं नव्हे. एका करवंदीच्या जाळीत डोकं घालून दहा मिनिटं बसलो. फुलं पांढरीशुभ्र, वास जाईसारखा, आणि खायला एक फळ नाही. ती मेमध्ये.

दीडच्या सुमाराला कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. तिकडं चालत गेलो. पाच-सहा घरांचा धनगरवाडा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं वाचून कुणावर ठपका यायला नको. पहिल्याच घराच्या दारात एक आजी शेण सारवत होत्या. आमच्याकडं त्यांनी बघितलं, एकाचं तोंड हिरवं, एकाचं गुलाबी, आणि हातातलं काम टाकून आत गेल्या. बाहेर आल्या त्या गूळ घेऊन.

"आधी ह्यो खावा. मग पानी. उन्हातनं आल्याव एकदम पिऊ नी."

मग ताक. मग भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि घट्ट दूध. पैशाचा विषय काढला तर आजींनी नुसतं पाहिलं. तो विषय परत काढला नाही.

घरोघरी नळ होते. चांगले स्टीलचे, सिमेंटच्या खांबावर. मी एक फिरवून बघितला, आतून नुसती हवा. खालच्या ओढ्याजवळ विहीर, तिथं मोटर, तिथनं वर टाकीत पाणी यायचं. महिना झाला मोटर बंद. कळवलंय, माणूस येणार येणार म्हणतोय, आला नाही. तोवर बायका खालनं घागरी आणतात, एका खेपेला पाऊण तास. म्हणजे आम्ही जे ढसाढसा प्यालो ते कुणीतरी डोक्यावरनं चढवलं होतं. माझ्या घशाशी आलं ते.

चार वाजता खाली गेलो. स्टार्टरची पेटी एका पत्र्याच्या आडोशाला. आजींच्या नातवानं बटण दाबलं. मोटर हूं हूं करते, फिरत नाही. दहा सेकंदात ओव्हरलोडनं ट्रिप. एवढं ऐकलं तरी कळतं. मेन बंद केला, पेटी उघडली. रनिंग कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा डबा, पोट फुगून बसलेला, डोक्यावरनं तेलाचा ओघळ. टेस्टरच्या दांड्यानं आधी शॉर्ट करून घेतला, मग काढला. वरचा आकडा पुसट, तरी वाचता आला: ५० एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड. बाजारात थोडक्या रुपयांत मिळतो. मोटर तशी ठणठणीत होती, शाफ्ट हातानं मोकळा फिरत होता. एवढ्याशा डब्यासाठी महिनाभर घागरी.

पण तो डबा माझ्याकडं नव्हता. वायर आणली, पक्कड आणली, कपॅसिटर नाही आणला. नातू माझ्या सॅककडं आशेनं बघत होता. मी म्हटलं, "घरी पोचलो की पाठवतो." तो "बरं" म्हणाला. ते "बरं" मला ओळखीचं वाटलं. येणार येणार म्हणणाऱ्या माणसालाही हा असाच "बरं" म्हणत असणार.

रात्री त्यांच्या सोप्यात झोपलो. शेजारी म्हशी रवंथ करत होत्या.

दिवस तिसरा

तिसरा दिवस चालण्यातला सगळ्यात लांब आणि सांगण्यातला सगळ्यात छोटा, कारण सगळं नीट झालं. नातू करपेवाडीच्या वाटेला लावून गेला. तिथनं पुढं आंबेवाडी, माळवाडी, पाटेवाडी, म्हसवडे करत पांढरेपाणी. मी पायताणावर, वस्ताद पुढं. वाट आता मी सांगत नव्हतो.

सड्यांचा उघडा मुलूख मागं पडला आणि झाडी लागली. एकदा सावली आली की मार्चातला सह्याद्री वेगळाच. पांगारा लालभडक, सावरीखाली पायघड्या पडल्यासारखी फुलं. अंजनीचं झाड मी पहिल्यांदा नीट बघितलं. फांद्यांच्या लाकडालाच जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके चिकटलेले, कुणी नीळ शिंपडल्यासारखे. आषाढात याच झाडाला धरून मी चिखलात घसरलो असेन, काय माहीत. तांबट पक्ष्याचं टुक टुक दिवसभर. एका वाडीत पोरींनी पानाच्या द्रोणातनं तोरणं दिली. पांढरी, चिकट, गोडसर. दहा रुपये दिले ते मात्र त्यांनी लगेच घेतले, बरं वाटलं.

शेतात राब भाजून ठेवलेला होता. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, त्या राखेत जूनमध्ये भाताचं आणि नाचणीचं तरू टाकतात. एका शेतकऱ्याला विचारलं, डोंगराला लागतात ते वणवे याचेच काय? तो म्हणाला, "राबाचा इस्तू राखायला मानूस उभा आसतोय. डोंगराला लावतंय ते येगळं." कोण लावतंय, ते बोलला नाही. गवत चांगलं येतं म्हणून कुणी, विडी टाकून कुणी. वनखात्याचा 'वणवा लावू नका' हा फलकही एका ठिकाणी अर्धा जळालेला बघितला.

संध्याकाळी एका ओढ्याच्या वळणावर वस्ताद एकदम थांबला आणि हात मागं करून मला थांबवलं. पन्नास-साठ पावलांवर गवा. एकटाच. काळा डोंगर आणि त्याला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. डबक्यातलं पाणी पिऊन त्यानं मान वर केली, आमच्याकडं बघितलं, नाकातनं एकदा फुस्स केलं. एकटा गवा वाईट, हे गावात प्रत्येकानं बजावलं होतं. आम्ही तालमीतल्या नमस्कारासारखे वाकून, मागच्या मागं, एकेक पाऊल सरकलो. माझ्या पायताणाची करकर त्या शांततेत सायरनसारखी वाजत होती. गवा अखेर स्वतःच कंटाळून झाडीत गेला. त्या ओढ्यावर आम्ही बाटल्या भरल्या नाहीत. त्याचं पाणी त्याला.

पांढरेपाण्यात एका देवळाच्या ओसरीवर मुक्काम. वस्तादच्या टाचांना फोड, माझ्या अंगठ्याला फोड. सुई तापवून एकमेकांचे फोडले. याहून जास्त मैत्री मला नको आहे.

दिवस चौथा

पावनखिंडीत सूर्य यायच्या आधी पोचलो. लोखंडी शिडीनं खाली उतरलो. पावसात इथं कानठळ्या बसतात, पाणी घळीतून फेसाळत येतं, बोललेलं ऐकू येत नाही. आज खिंडीत आमच्या दोघांचा श्वास ऐकू येत होता. तळाला खडकाच्या खळग्यांतून थोडं थोडं पाणी साठलेलं, त्यावर पाचोळा आणि पाणनिवळ्या. कोरड्यात उभं राहिलं तेव्हा पहिल्यांदा घळीची रुंदी कळली. वस्ताद मध्ये उभा राहिला, दोन्ही हात पसरले, मग मला शेजारी उभं केलं, मग मनातल्या मनात माणसं मोजली.

"हितं पाच-सा जण आडवं उभं ऱ्हायले तर मागनं येनाऱ्यानं कितीबी मानसं आनूं दे," तो म्हणाला.

तालमीतल्या माणसाचा हिशोब. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या लोकांनी हेच केलं. रात्रभर चिखलातनं पळत येऊन, वर दिवसभर. तेव्हा हिचं नाव घोडखिंड. आम्ही तीन दिवसांत, गूळ-पाणी खात आलो आणि आमचे पाय फुटले. आणि तिकडं महाराजांना विशाळगडाखाली सुर्वे आणि दळव्यांचा आणखी एक वेढा फोडून आत शिरायचं होतं, हे आपण गोष्ट सांगताना पटकन उरकतो. वस्ताद तिथं बराच वेळ बसला. मी हाका मारल्या नाहीत.

गजापूरपर्यंत डांबरी रस्ता, ऊन वर यायच्या आत उरकला. विशाळगड चढायला लागलो तेव्हा समोर कोकणाकडची बाजू धुरकट निळी. या गडाचं जुनं नाव खेळणा. १४५३ साली बहमनी सरदार मलिक-उत्-तुजारची फौज याच जंगलात शिरून कापली गेली. त्या रानातनं काल आम्ही एक गवा बघून थरथरत बाहेर आलो होतो, त्यामुळं त्या फौजेबद्दल मला थोडी सहानुभूती वाटली. बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभूंच्या समाध्यांपाशी वस्तादनं पायताण काढायला सांगितलं. त्याचंच होतं. फरशी तापलेली, फोडांवर उभं राहवेना, तरी उभे राहिलो.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता वस्तादकडं बघून विचारलं, "पंचमी कालची की परवाची?" तीन दिवसांच्या घामानंही त्याच्या कानामागचा हिरवा गेला नव्हता. मलकापूर येईपर्यंत दोघंही झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर दारात जळलेल्या अकरा मोटरी. पुतण्याचं तोंड बघण्यासारखं. सगळ्यांत आधी ५० एमएफडीचे दोन कपॅसिटर घेतले, एक लावायला आणि एक घरात ठेवायला, कापडात गुंडाळून खोक्यात घातले. कसा जोडायचा ते कागदावर आकृती काढून लिहिलं, आणि मेन बंद केल्याशिवाय पेटीला हात लावू नकोस, हे लाल पेनानं दोनदा. त्या भागातनं रोज येणाऱ्या दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला गाठून खोकं त्याच्याकडं दिलं.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरनं फोन आला. नातूच. मागं आजींचा आवाज, कुत्र्याचा आवाज.

"बसवला," तो म्हणाला. "तुमी काढून दिल्याप्रमानं."

"मग? फिरली का?"

"फिरंल की. खरं कालपास्नं लाईट न्हाई."